पूजेला काढलेली तार

लोखंडाशी माझं वैर चौतीस वर्षांचं. कोणाचं जावेशी असतं, कोणाचं शेजारणीशी असतं, माझं लोखंडाशी होतं. डोंबिवली एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. तिथे रंगात लोखंडाचा अंश आला की शेड मेली म्हणून समजा. मागणी गुलाबीची असायची आणि कापड निघायचं विटकरी. मग गिऱ्हाईक मालकावर ओरडायचं, मालक मॅनेजरवर, आणि मॅनेजर येऊन माझ्या टेबलाशी उभा राहायचा.

भिवंडीचे एक अन्सारीशेठ होते. एकदा ते काखेत अख्खा तागा घेऊनच आले आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या टेबलावर त्यांनी तो आपटला. "बाई, आप ही बोलो, ये मोरपंखी है? ये तो खाडी का पानी है!" मी तीन दिवस पिंपामागून पिंप तपासलं. त्यासाठी आमच्याकडे एक औषध असायचं, थायोसायनेट. दिसायला साधं पाणी. त्याचा एक थेंब नमुन्यात टाकायचा. लोखंड असेल तर नमुना रक्तासारखा लाल होतो, नसेल तर जसाच्या तसा राहतो. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीचा नमुना लाल झाला. टाकी रिकामी केली तर तळाशी मिस्त्रीचा पाना! मिस्त्री मला म्हणतो कसा, "सापडला होय? शिमग्यापासून शोधतोय मी." त्या लाल थेंबाच्या जिवावर मी नोकरी केली. लोखंड दिसलं की हुडकायचं, धुऊन काढायचं आणि हाकलून द्यायचं.

हे सगळं सांगायचं कारण, ह्याच बाईला निवृत्तीनंतर लोखंड सांभाळायची नोकरी लागली.

निवृत्त झाले आणि दीड महिन्यात कोपरच्या आमच्या घरातले डबे, बरण्या, नळाच्या तोट्या, सगळं घासून झालं. मला स्वच्छतेचा किडा आहे, नाही म्हणत नाही. शेवटी आमच्या ह्यांनी हात जोडले. "नीला, आता मीच तेवढा घासायचा राहिलोय. तू कुठेतरी कामाला जा बाई." जुन्या कारखान्यातल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

तिथला प्रमुख डॉ. निनाद भोईर, चौतिशीतला. म्हणजे माझ्या नोकरीच्या वयाचा! मूळचा बाळकुमचा. आजोबांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकात हा अकराव्या मजल्यावर राहतो. एरवी बोलणं पुस्तकी, पण आनंद झाला की आगरी बाहेर पडते. त्याने मला विचारलं, "ताई, मला लोखंड नीट बसवणारं माणूस हवंय. जमेल?"

मी म्हटलं, "अरे, मी जन्मभर लोखंड काढत आले."

"मग तर उत्तमच. काढणाऱ्याला ते कुठे लपतं ते माहीत असतं."

मला पोरगा तिथेच आवडला.

आता काम काय होतं ते सांगते, मला जसं समजलं तसं. तिथे फ्युएल सेलवर काम चालायचं. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा, मध्ये पापडाहून पातळ पडदा. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पाणी होतं, आणि होता होता वीज मिळते. धूर नाही, घरघर नाही. पण हे दोघं आपणहून भराभर एकत्र येत नाहीत, मध्ये लग्न जुळवणारा लागतो. तो स्वतः बोहल्यावर चढत नाही. एक जुळवलं की पुढच्या स्थळाकडे वळतो. त्याला उत्प्रेरक म्हणायचं. हे काम प्लॅटिनम फार झकास करतं, पण ते सोन्याच्या पंगतीतलं. हायड्रोजनच्या बाजूला चिमूटभर पुरतं. हवेची बाजू महा हट्टी, तिला भरपूर लागतं. निनादचा ध्यास एवढाच की हवेच्या बाजूचं प्लॅटिनम उठवायचं आणि तिथे लोखंड बसवायचं. आपलं साधं, गंजकं, विळी-खिळ्याचं लोखंड!

त्याची कृती स्वयंपाकासारखीच. लोखंडाचा क्षार, काजळी आणि नायट्रोजनवालं एक रसायन एकत्र दळायचं, मग हवा न लागू देता भट्टीत नऊशे अंशांवर भाजायचं. निघते ती काळी भुकटी. नीट जमली तर तिच्यात लोखंडाचा एकेक अणू सुटा बसतो आणि चार बाजूंनी चार नायट्रोजन त्याला धरून ठेवतात. निनादने फळ्यावर चित्र काढलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या रक्तातलं लोखंडसुद्धा असंच चार नायट्रोजनच्या मध्ये बसलंय. म्हणून तर ते ऑक्सिजन धरतं." अगं बाई! मी चाटच पडले. बाळंतपणात लोहाच्या गोळ्या मुठीने गिळल्या, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ह्यांना रिकाम्या ताटलीत चार शेंगदाणे आणि मध्ये एक मिरी ठेवून सगळं समजावलं. ह्यांनी ऐकता ऐकता शेंगदाणे खाल्ले.

बघायला माणसंही यायची. घोडबंदरकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी एकदा आले. तासभर सगळं मन लावून ऐकलं, वहीत टिपलं आणि मग गंभीरपणे विचारलं, "मॅडम, ह्यातून पाणी निघतं म्हणालात. दिवसाला किती? आमचे टँकर बंद होतील का?" मी म्हटलं, "साहेब, ह्यातून वाटीभर निघतं." ते खट्टू झाले. म्हणाले, "मग विजेचं काय एवढं, वीज तर आहे आमच्याकडे."

हसा, पण खरी अडचण आमचीही तशीच होती. निघत होतं ते टिकत नव्हतं.

भुकटी तपासायची म्हणजे काचेच्या भांड्यात आम्ल भरायचं आणि त्यात तीन कांड्या सोडायच्या. एकीच्या टोकाला आपली भुकटी, दुसरी मोजमापाला, तिसरी विजेची वाट पुरी करायला. ही तिसरी ग्राफाइटची, पेन्सिलीच्या शिशासारखी काळी. मग पंपाने ऑक्सिजन सोडायचा आणि यंत्राला सांगायचं, चालू दे रात्रंदिवस. यंत्र सांभाळायचा मिलिंद साळवे, मोहन्याचा. त्याचे वडील तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते, त्यामुळे कारखाना बंद पडणं म्हणजे काय हे त्याने घरातच पाहिलेलं. चाळिशीचा माणूस, बोलायला कमी, पण बोलला की टोचून. पहिल्या दिवशी आमची भुकटी प्लॅटिनमच्या मांडीला मांडी लावून बसायची. निनाद नाचायचा. तिसऱ्या दिवशी मिलिंद पडद्याकडे बघत जाहीर करायचा, "घसरगुंडी सुरू. कुणाला बसायचंय?"

का घसरायची? लग्न अर्धवट जुळलं की पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखमेवर फेसाळतं ते. ते काजळी खातं. आणि भुकटीत जागेवर न बसलेलं, सुटं फिरणारं लोखंड असलं तर ते पेरॉक्साइडला आणखी पिसाळवतं. मग बसलेल्यांच्याही खुर्च्या मोडतात. म्हणून भाजल्यावर भुकटी आम्लात धुवायची, सुटं लोखंड काढून टाकायचं आणि पुन्हा एकदा भाजायची. निनादच्या कृतीत धुणं एकदाच होतं.

इथे आमचं वाजलं. एकदा धुतलेलं मला कधी पटलंय? एक लॉट, नववा, मी पाच वेळा धुतला. निनादला कळलं तेव्हा तो चिडला. "ताई, किती धुताय? कामाचं लोखंडही वाहून जाईल!" आणि खरंच, नववा लॉट लावला तर पहिल्याच दिवशी इतरांपेक्षा कमी वीज. निनादने बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, "ताईंची धुणीभांडी." मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

तेवढ्यात वरून निरोप आला. ज्यांची प्रयोगशाळा होती त्या मंडळींनी निनादला सांगितलं, मार्चपर्यंत टिकणारं काही दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. आणि दाखवायचं कुणाला, तर कर्णिकबाईंना. मोबाइलच्या टॉवरना वीज गेल्यावर बॅटरी, जनरेटर पुरवायचा त्यांचा व्यवसाय. मुरबाडच्या पुढे डोंगरात त्यांचा एक टॉवर होता, तिथे डिझेल चढवताना दमछाक. त्या येऊन स्पष्टच म्हणाल्या, "डॉक्टर, तिथे वीज गेली की टॉवर बंद, टॉवर बंद की फोन बंद. गेल्या पावसाळ्यात एका बाईला सर्प चावला आणि गाडी बोलवायला तिचा नवरा दुचाकीवरून खालच्या गावापर्यंत आला. मला चमत्कार नको. टिकणारं यंत्र हवं. असेल तर सांगा, मी लावते." त्या गेल्यावर निनाद बराच वेळ भांड्याकडे बघत बसला होता. पाच वर्षं त्याने त्या काळ्या भुकटीत घातली होती आणि परदेशातली नोकरी ह्याच्यासाठी सोडली होती. आई म्हणायची, कोळसाच उगाळायचा होता तर एवढा शिकलास कशाला.

अशात खंडेनवमी आली. आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या दिवशी तराजू, ब्यूरेट, सगळ्याची पूजा व्हायची. इथेही मी पाट मांडला. निनादने बजावलं, "ताई, यंत्रांना हळदकुंकू लावायचं नाही, नमुने बिघडतील. नुसती फुलं बाजूला." ठीक आहे. मी भांडं धुऊन लख्ख केलं, वजनं मांडली. राहिली ती काळी कांडी. आम्लात राहून खरबरीत झालेली, टोकाला पोपडे. देवापुढे कोळसा मांडायचा? माझ्याच्याने होईना. कपाटात एक डबी होती आणि तिच्यात प्लॅटिनमची तार होती, कधीतरी तुलनेसाठी वापरायची. ती काढली. हात लावू तिथे चकाकत होती. काळी कांडी खणात टाकली आणि तार पाटावर मधोमध ठेवली. मिलिंद दाराशी उभा राहून पेढा खात म्हणाला, "ताई, मशीनची पूजा तेलपाणी करून करावी." आणि तो चार दिवसांच्या रजेवर गेला.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर आले, पाटावरून एकेक वस्तू उचलली आणि जोडणी केली. तारही उचलली आणि काळ्या कांडीच्या जागी तीच लावली. काचेच्या नळीत घातली की आतलं काही दिसत नाही, वर फक्त चिमटा दिसतो. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. मला वाटलं, देवापुढून उठलेली वस्तू आहे, लागू दे हिचा हात. काही दिवस चांगल्या वस्तूवर काम करू.

आणि काय सांगू तुम्हाला! तिसरा दिवस आला, घसरगुंडी नाही. पाचवा आला, नाही. मिलिंद रजेवरून आला, पडद्यासमोर बसला आणि एक शब्द बोलला नाही, हेच मोठं होतं. आठवडा भरायच्या आत आलेख चक्क वर चढायला लागला. वापरू तशी भुकटी सुधारत होती! निनादने मला हाताला धरून पडद्यापुढे नेलं. "ताई, बघा, बघा! मना वाटतच व्हता! लोखंड बसलाय!" आम्ही दुसरा लॉट लावला, तिसरा लावला, सगळे टिकले. मी नाक्यावरून जिलेबी आणली. निनादने कर्णिकबाईंना फोन केला. त्यांनी टॉवरवर यंत्र लावायची तयारी सुरू केली, आणि ते नक्की करायला वसुबारसेला येते म्हणाल्या. त्या दोन आठवड्यांसारखे दिवस माझ्या चौतीस वर्षांत आले नव्हते. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार भांड्याचा यायचा. हे म्हणाले, लग्न झालं तेव्हाही तू एवढी खूश नव्हतीस.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी दिवाळीची साफसफाई काढली. पाहुण्या येणार म्हणून तार काढून पुसली आणि डबीत ठेवायच्या आधी सवयीने वजन केलं. माझी पद्धत अशी की मौल्यवान वस्तू डबीतून काढताना वजन करायचं आणि चिकटपट्टीवर लिहून डबीला लावायचं. ठेवताना पुन्हा ताडून बघायचं. सोनाराच्या दुकानात जन्मले असते तर सुखी झाले असते. तराजूवर आकडा आला तो पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी. अगदी चिमूटभरही नाही, केसभर कमी. मी तराजू पुसला, पुन्हा ठेवली. तेवढंच. तिसऱ्यांदा ठेवली, तेवढंच.

तार झिजली होती. झिजलेलं प्लॅटिनम जाणार कुठे? भांड्यात. आणि भांड्यात तिच्यासमोर काय होतं? आमची भुकटी. म्हणजे लोखंड टिकत नव्हतंच. त्याच्यावर गुपचूप प्लॅटिनम चढत होतं, म्हणून आलेख चढत होता. आम्ही बिनप्लॅटिनमची म्हणून जी भुकटी मिरवत होतो, तिला मी माझ्या हाताने प्लॅटिनम चारत होते.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो पट्टी बदलायचा. जुनी काढायची, नवा आकडा लिहायचा. कुणाला कळणार होतं? पेन हातात घेतलंसुद्धा. मग डोळ्यांपुढे तो डोंगरातला टॉवर आला. टॉवरवरच्या यंत्रात तार नसणार. तिथे आमचं लोखंड एकटं असणार आणि आठवड्यात मान टाकणार, आणि नेमका त्याच दिवशी कुणाला तरी फोन लावायचा असणार. मी पेन ठेवलं, डबी घेतली आणि निनादच्या खोलीत गेले. तो उद्याच्या कागदांवर सही करत होता. मिलिंद शेजारी होता.

मी म्हटलं, "निनाद, तार झिजलीय."

"कुठली तार?"

"कपाटातली. प्लॅटिनमची. दसऱ्यापासून भांड्यात तीच आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरला ते मी जन्मात विसरणार नाही. त्याला पुढचं काही समजवावं लागलं नाही. हळूच म्हणाला, "कुणी लावली?"

"मी. पूजेला काढलेली, तशीच बसवली."

"ताई, ती कपाटात ठेवा म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ठेवा म्हणालास. का ठेवा ते नाही सांगितलंस. मला वाटलं, महाग आहे म्हणून."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

मिलिंद मध्ये पडला. "सर, मी इतके दिवस समोर बसून वर जाणारा आलेख बघितला. खाली जात होता तेव्हा रोज वायर वायर तपासायचो. वर जायला लागल्यावर मी काय तपासलं? जिलेबी खाल्ली."

निनाद उठून बाहेर निघून गेला. मी माझ्या टेबलाशी जाऊन राजीनामा लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेऊन लिहिला. अर्ध्या तासाने निनाद आला, उभ्याने वाचला, त्याची चौकोनी घडी घातली आणि कधीपासून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. "बसा ह्याच्यावर. मी कर्णिकमॅडमना फोन लावतोय. तुम्ही समोर असा फक्त."

फोन स्पीकरवर होता. निनादने काही राखून न ठेवता सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे दोन आठवडे तुम्ही मला प्लॅटिनम दाखवत होता."

"हो, मॅडम."

"सापडलं कसं?"

"आमच्या सामंतताईंनी तारेचं वजन केलं."

"दिवाळीच्या तोंडावर तारेचं वजन कोण करतं?"

"ताई करतात."

"बरं. मी उद्या येत नाही. संक्रांतीला येते. तेव्हा असेल ते दाखवा. पडत असेल तर पडतं म्हणून दाखवा, पण माझ्या टॉवरवर जे लागणार तेच दाखवा."

दिवाळी संपल्यावर आम्ही सगळं पहिल्यापासून काढलं. नवं भांडं, नवी काळी कांडी, आणि फळीवरच्या सगळ्या बाटल्या. दसऱ्यानंतरचा एकही निकाल धरायचा नाही असं निनादने ठरवलं. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि कांडी बसवली. एकेक लॉट लागला आणि एकेक पडला. पहिला तिसऱ्या दिवशी, चौथा दुसऱ्या दिवशी. सगळ्यात जोरात सुरू व्हायचा तो सगळ्यात आधी कोसळायचा. निनादचं जेवण कमी झालं. मी डब्यात त्याच्यासाठी आंबोळ्या न्यायला लागले, खायचा, पण काय खातोय ते कळत नसावं.

डिसेंबरमध्ये मिलिंदने मागच्या फळीवरून शेवटची बाटली आणली. "ताईंची धुणीभांडी." निनाद म्हणाला, "ती कमी वीज देते, माहीतच आहे." मिलिंद म्हणाला, "सर, सगळ्या लावायच्या असं ठरलंय."

लावली. सुरुवात बेताचीच. तिसरा दिवस, तेवढीच. सहावा दिवस, तेवढीच. मी म्हटलं, आता पडेल. नवव्या दिवशी मिलिंदने स्वतःहून भांड्याची नळी उघडली, आतली कांडी काळीच आहे ना ते पाहिलं, मला दाखवलं, निनादला दाखवलं, मग पुन्हा बसवली. दोन आठवडे झाले. घसरण होती, पण किती, तर उतारावर सायकल आपसूक चालावी इतकी! निनाद खुर्चीतून उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, हा लॉट तुम्ही कसा धुतला?"

"पाच वेळा."

"पाचच का? चार का नाही?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ते मोजून केलंच नव्हतं. मी खणातून थायोसायनेटची बाटली काढली. "प्रत्येक धुण्याच्या पाण्यात ह्याचा थेंब टाकला. चार वेळा लाल झालं. पाचव्यांदा नाही झालं. म्हणून थांबले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू 'धुणीभांडी' लिहिलंस. मी रुसले होते."

तो मोठ्याने हसला. मग मिलिंद हसला. मग आम्ही तिघंही येड्यासारखे हसत सुटलो. निनादला काय समजलं ते त्याने फळ्यावर मांडलं. जास्त धुतल्याने सुटं लोखंड पार गेलं, म्हणून सुरुवात बेताची, पण पेरॉक्साइडला पिसाळवणारं कुणी उरलं नाही. राहिलं ते फक्त खुर्चीत घट्ट बसलेलं. धुवायला हवं हे त्याला माहीत होतं, पण कुठे थांबायचं ते सांगणारा माझा लाल थेंब होता. भिवंडीच्या अन्सारीशेठचा थेंब! तो फळ्यापुढे उभा असताना मी पदराने डोळे पुसत होते आणि मला लाज वाटत नव्हती.

आम्ही तीच कृती तीन वेळा नव्याने केली. कधी चार धुणी लागली, कधी सात. थेंब लाल होणं बंद झालं की थांबायचं. तिन्ही टिकले. संक्रांतीला कर्णिकबाई आल्या. निनादने त्यांना पडणारे आलेख आधी दाखवले, मग हे दाखवले. बाईंनी तिळगूळ खाल्ला, काळ्या कांडीची नळी समोर उघडायला लावली आणि विचारलं, "सामंतताई तुम्हीच ना? मग ठीक आहे." मार्चमध्ये प्रयोगशाळा बंद झाली नाही. एप्रिलमध्ये यंत्र डोंगरावर गेलं.

टिकतं म्हणजे अमर नाही, हेही लिहायला हवं. भर पावसाळ्यात एकदा आतले सेल बदलावे लागले आणि प्लॅटिनमवाल्यांच्या आयुष्याशी बरोबरी करायला अजून बरंच अंतर आहे. मला खंत एकच, ती तार लावण्याआधी मी 'का' असा एक शब्द विचारला असता तर निनादचे ते दोन आठवडे आणि त्यानंतरचा तो चेहरा वाचला असता. चौतीस वर्षं वरच्यांना काही विचारायचं नाही ही सवय लागलेली, ती ह्या वयात मोडतेय.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मी मांडला, पण मधोमध काय ठेवायचं ते निनादने ठरवलं. पोपडे आलेली ती जुनी काळी कांडी त्याने खणातून शोधून काढली. मी झेंडू ठेवायला गेले तर ओरडला, "लागू देऊ नका, बाजूला!" तारेची डबी कपाटात कुलपात होती. तिच्या पट्टीवर वजनाखाली मिलिंदने ठसठशीत अक्षरात लिहिलंय, "पूजेलासुद्धा काढू नये."

आरती आटोपते तोच माझा फोन वाजला. कर्णिकबाई होत्या.

"ताई, मी टॉवरच्या गावातून बोलतेय. इथे पहाटेपासून वीज नाही. माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

मी निनादकडे पाहिलं, पाटावरच्या कांडीकडे पाहिलं. जन्मभर ज्याला धुऊन हाकललं, ते लोखंड तिकडे डोंगरात बसलं होतं आणि बाईंचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचवत होतं.

"येतोय हो बाई," मी म्हटलं, "अगदी स्वच्छ येतोय."